घायाळ शिपाई आणि त्याचें घर

इतिहासाच्या पुस्तकांत लढाईचें वर्ष असतें, सेनापतींचीं नांवें असतात, तहाचीं कलमें असतात आणि शेवटीं विजयाचें किंवा पराजयाचें एक वाक्य असतें. तें वाक्य वाचून झालें म्हणजे आपण पान उलटतों. परंतु ज्या शिपायाचा पाय त्या लढाईंत गेला, किंवा ज्याचे डोळे गेले, त्याच्यापुरती ती लढाई त्या वाक्याशीं संपत नाहीं. १९७१ सालचें भारत-पाकिस्तान युद्ध डिसेंबरच्या ३ तारखेस पेटलें व पंधरवड्याच्या आंत शांत झालें. पण त्या पंधरवड्यांत ज्यांनीं आपले हातपाय गमावले, त्यांस पुढें चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षें त्याच जखमांसह संसार करावा लागला. या लांबलचक काळाचा इतिहास घराघरांतून घडत असतो, आणि तो लिहून ठेवणारा बखरकार सहसा मिळत नाहीं.

आपल्या महाराष्ट्राचा पलटणीशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवास तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. तेव्हां हा विषय परका नाहीं. प्रस्तुत लेखांत शरीराची जखम कशी भरून येते, मनाची कशी भरून येते, आणि या दोन्ही भरत असतां घरांतील माणसांनीं काय करावें व स्वतः कसें तगावें, या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख धडा म्हणून वाचावा. पालकांनीं तो घरांतील मोठ्या माणसांच्या नजरेनें वाचावा.

१. तुटलेला अवयव

सुरुंग, तोफगोळा किंवा बंदुकीची गोळी यांनीं हात वा पाय इतका छिन्नविच्छिन्न होतो कीं, जीव वांचविण्यासाठीं शस्त्रवैद्यास तो कापावा लागतो. टांके निघाले म्हणजे घरच्यांस वाटतें, संकट टळलें. वस्तुतः खरी मेहनत तेथून पुढें सुरू होते. पायाचा जो खुंट उरतो तो पहिले कांहीं महिने सुजतो, ओसरतो व आकार बदलतो; म्हणून त्यास विशिष्ट रीतीनें पट्टी बांधून निमुळता आकार द्यावा लागतो. पाय गुडघ्याखालीं तुटला असेल तर रुग्णास आराम वाटावा म्हणून आई किंवा पत्नी मोठ्या मायेनें गुडघ्याखालीं उशी सारते. पण गुडघा दिवसचे दिवस वाकलेला राहिला तर सांधा तसाच आखडतो, आणि मग कृत्रिम पाय बसविणें अवघड होऊन बसतें. ज्या उशीनें आज आराम मिळाला तिनेंच उद्यां चालणें हिरावून घेतलें, असें होतें. मायेला ज्ञानाची जोड हवी, हा या विषयांतील पहिला धडा या एका उशीवरून शिकतां येतो.

दुसरी एक गोष्ट घरच्यांस चमत्कारिक वाटते. नसलेला पाय दुखतो! शिपाई रात्रीं उठून सांगतो कीं, तुटलेल्या पायाचीं बोटें जळत आहेत. आणि भोळीं माणसें त्यास भ्रम म्हणतात. परंतु सोळाव्या शतकांतील फ्रेंच लष्करी शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे यानें ही तक्रार नमूद करून ठेवली आहे. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धांत जखमी शिपायांवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनीं १८७१ सालीं या स्थितीस 'अवयवाचें भूत' अशा अर्थाचें नांव दिलें. आपल्या मेंदूंत शरीराच्या प्रत्येक भागासाठीं जागा राखलेली असते. पाय गेला तरी ती जागा शिल्लक राहते व तुटलेल्या मज्जातंतूंकडून येणाऱ्या खुणांचा अर्थ ती 'पाय दुखतो आहे' असा लावते. दुःख खरें असतें. फक्त त्याचें ठिकाण शरीरावर दाखवितां येत नाहीं. "असें कसें दुखेल?" या प्रश्नानें रुग्ण एकटा पडतो. "कुठें दुखतें तें सांगा, डॉक्टरांस विचारूं" या उत्तरानें त्यास धीर येतो. अशा वेदनेवर औषधें व इतर उपाय आहेत आणि ते वेळेवर केले पाहिजेत.

या कामीं आपल्या प्रांतानें पूर्वीपासून पुढाकार घेतला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं, १९१७ सालीं, अपंग शिपायांस हातचा धंदा शिकविण्यासाठीं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था मुंबईस स्थापन झाली व पुढें ती पुण्याजवळ खडकीस आली. १९४४ सालीं पुण्यांत कृत्रिम अवयव केंद्र निघालें. १९६८ सालीं जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं जो पाय तयार केला, तो 'जयपूर फूट' या नांवानें जगभर गेला. त्याचें मर्म असें कीं, परदेशी कृत्रिम पायास बूट घालावा लागे व तो घालून मांडी घालून किंवा उकिडवें बसतां येत नसे. आपला शेतकरी तर अनवाणी चिखलांत चालतो व जमिनीवर बसून जेवतो. पाय ज्या घरांत वापरावयाचा, त्या घराची रीत आधीं पाहिली, म्हणून तो पाय उपयोगीं पडला.

२. मोडलेला कणा

पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जू दुखावला म्हणजे त्या जागेच्या खालील शरीर लुळें पडतें, स्पर्श कळत नाहीं व मलमूत्राचा ताबा सुटतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णांविषयीं डॉक्टरही निराश असत. बहुतेक रुग्ण मूळ जखमेनें नव्हे, तर अंथरुणांत पडून पडून होणाऱ्या व्रणांनीं व मूत्रमार्गांतील विकारानें दगावत.

हें चित्र बदलणाऱ्या गृहस्थांचें नांव लुडविग गुटमान. हे जर्मनींतील यहुदी वैद्य. हिटलरच्या छळामुळें १९३९ सालीं ते इंग्लंडांत आश्रयास आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयांत कण्याच्या जखमांचा विभाग त्यांच्या हातीं देण्यांत आला. त्यांनीं कोणतेंही जादूचें औषध शोधलें नाहीं. दर दोन तासांनीं, रात्रंदिवस, रुग्णाची कूस बदलावयाची, हा त्यांचा मुख्य नियम होता. शरीराचा एकच भाग फार वेळ दाबला गेला तर तेथील रक्तप्रवाह थांबतो व मांस कुजूं लागतें. निरोगी मनुष्य झोपेंतही नकळत कूस बदलतो, पण लुळ्या अंगास ती सूचनाच मिळत नाहीं. म्हणून जें काम मज्जारज्जू करीत असे, तें शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांनीं घड्याळ लावून करावयाचें. मूत्राशयाची स्वच्छता त्यांनीं तितक्याच काटेकोरपणें राखिली. साध्या, कंटाळवाण्या, न चुकतां केलेल्या कामानें माणसें वांचूं लागलीं.

पण नुसतें वांचून भागत नाहीं, हें गुटमान यांनीं ओळखलें. त्यांनीं रुग्णांस सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारखीं कामें दिलीं, व खेळ सुरू केले. २९ जुलै १९४८ रोजीं, ज्या दिवशीं लंडनांत ऑलिंपिक सामन्यांचा आरंभ झाला त्याच दिवशीं, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जायबंदी सैनिक स्त्री-पुरुषांनीं चाकांच्या खुर्चींत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. या लहानशा आरंभांतूनच पुढें १९६० सालीं रोम येथें पहिले पॅरालिंपिक सामने भरले.

त्या झाडाचें एक फळ आपल्या सांगली जिल्ह्यास मिळालें आहे. पेठ-इस्लामपूर येथें १९४४ सालीं जन्मलेले श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालील शरीर लुळें पडलें. उपचार म्हणून त्यांनीं पोहण्यास आरंभ केला. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत त्यांनीं ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. सरकारनें त्यांस पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनंतर.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. पेटकरांचें उदाहरण ऐकून एखाद्या घायाळ माणसास "ते पोहले, मग तुम्हीं कां रडतां?" असें म्हणणें हा अन्याय आहे. प्रत्येकाची जखम निराळी, बळ निराळें. एखाद्यास स्वतःच्या हातानें सदरा घालतां येणें हीच सहा महिन्यांची कमाई असेल. १९७४ सालीं खडकी येथें निघालेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रांत असे सैनिक राहतात, काम करतात, खेळतात. तेथें जो दिवसभर आपल्या खुर्चीवरून आपलें काम आपण करतो, तोही विजयीच आहे.

३. न दिसणारी जखम

शरीरावर ओरखडाही नसतां कांहीं शिपाई लढाईहून निराळेच होऊन परततात. झोपेंत ओरडतात, आवाज होतांच दचकतात, गर्दींत घाबरतात, क्षुल्लक गोष्टीवर संतापतात, किंवा घरच्या माणसांतही परक्यासारखे गप्प बसून राहतात. पहिल्या महायुद्धांत यास 'शेल शॉक' म्हणत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं हा शब्द वैद्यकीय लेखांत वापरला. तोफगोळ्याच्या दणक्यानें मेंदू हादरतो, अशी तेव्हांची कल्पना होती. त्या काळीं अशा कित्येकांस भित्रे ठरविण्यांत आलें. १९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांनीं या विकारास आघातोत्तर मानसिक विकार या अर्थाचें आजचें नांव देऊन रोगांच्या यादींत स्थान दिलें.

याचें कारण थोडक्यांत असें. रणांगणावर जगावयाचें तर प्रत्येक आवाज शत्रूचा समजावा लागतो. महिनोन्‌महिने ही संवय झाली म्हणजे मेंदूचा पहारेकरी पहारा सोडीत नाहीं. शिपाई घरीं येतो, पण पहारेकरी अजून चौकीवरच उभा असतो. दिवाळींत गल्लींत सुतळी बाँब फुटला कीं आपणांस मौज वाटते. त्याच क्षणीं त्याचें शरीर मात्र खंदकांत जाऊन पडतें. हा भित्रेपणा नव्हे, आणि वेडही नव्हे.

घरच्यांनीं कांहीं साध्या गोष्टी पाळाव्या. झोपलेल्या माणसास हलवून उठवूं नये. दाराशीं उभें राहून नांवानें हांक मारावी. फटाके, मिरवणूक, वाजंत्री यांची आगाऊ सूचना द्यावी. "काय काय पाहिलें तें सांगा ना" असा आग्रह धरूं नये; पण तो आपण होऊन बोलूं लागला तर हातचें काम ठेवून ऐकावें. दारूनें झोप येते असें त्यास वाटतें. परंतु दारूनें झोप मोडते व राग वाढतो. तो मरणाच्या गोष्टी बोलूं लागला, किंवा घरांत हात उगारूं लागला, तर लाजेखातर गोष्ट झांकूं नये. मुलांस व स्वतःस सुरक्षित ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. या विकारावर बोलण्याचे व औषधांचे असे दोन्ही उपचार आहेत आणि त्यांनीं पुष्कळांस बरें वाटतें.

४. शुश्रूषा करणारीं माणसें

आतां ज्यांच्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं, त्या माणसांकडे वळूं. शिपाई घायाळ होतो त्या दिवशीं त्याच्या पत्नीच्या आयुष्यांतही बदल होतो. पूर्वीं घरांतलें ती पाहत असे. आतां घरांतलें तर आहेच, शिवाय बँक, शेत, पेन्शनचे कागद, इस्पितळाच्या खेपा हें सर्व तिच्याकडे येतें. ती पत्नी असून परिचारिका होते, आणि तो घराचा कर्ता असून सांभाळावयाचें मूल होतो. दोघांसही ही अदलाबदल सलते. पुष्कळ घरांतील भांडणें वरवर पाहतां चहा थंड झाल्याचीं असतात. खोलवर पाहतां तीं या अदलाबदलीचीं असतात.

त्यावर उपाय असा कीं, जें काम तो स्वतः करूं शकतो तें, दुप्पट वेळ लागला तरी, त्याचें त्यालाच करूं द्यावें. त्याच्या हातचा घांस काढून भरवूं नये. आणि जें काम बुद्धीचें आहे, तें पूर्वींप्रमाणें त्याच्याकडेच ठेवावें. मुलाची फी कधीं भरावयाची, विहिरीस पंप कोणता घ्यावयाचा, मुलीस कोणत्या शाळेंत घालावयाचें, हें त्यास विचारावें. पाय गेले म्हणून मत जात नाहीं.

दुसरा उपाय शुश्रूषा करणाऱ्यासाठीं आहे. आपल्याकडे अशी समजूत आहे कीं, सेवा करणाऱ्यानें थकूं नये, आणि थकलें तरी बोलूं नये. परंतु रात्रीं दोनदां-तीनदां उठून कूस बदलणाऱ्या बाईची पाठ दुखते, झोप मोडते, स्वतःचा ताप ती अंगावर काढते. आणि एके दिवशीं तीच आजारी पडली म्हणजे घरांत दोन रुग्ण होतात. तिची विश्रांति हा चैनीचा भाग नसून रुग्णाच्या उपचाराचाच एक भाग आहे. अमेरिकेंत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, घायाळ व आजारी सैनिकांची शुश्रूषा करणारे आप्तेष्ट सुमारे ५५ लक्ष असल्याचा अंदाज देण्यांत आला. तेथें २०१० सालीं कायदा होऊन ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेंत गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची घरीं शुश्रूषा करणाऱ्यांस मासिक वेतन, शिक्षण व विश्रांतीची सोय देण्यांत आली. २०१८ सालच्या कायद्यानें तीच सोय पूर्वींच्या युद्धांतील सैनिकांच्या घरांसही लागू करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे पूर्ण अपंगत्व आलेल्या व ज्याचें दुसऱ्यावांचून चालत नाहीं अशा सैनिकास परिचारक-भत्ता मिळतो. अशा सवलतींची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करावी. ती करण्यांत कमीपणा नाहीं. तो हक्क आहे.

तिसरी गोष्ट मुलांची. माझ्या वर्गांत एके वर्षीं एक मुलगा रोज पहिल्या तासास उशिरां येई व कांहीं मुलें त्यास 'कुंभकर्ण' म्हणून हंसत. पुढें कळलें कीं, त्याचे वडील फौजेंत जखमी होऊन आले होते, आणि त्यांस सकाळीं उचलून खुर्चींत बसविण्यास आई एकटी पुरत नसे. मुलगा पांच वाजतां उठून तें करी, वडिलांची दाढी करी, आणि मग शाळेस धांवत येई. त्यानें हें कोणास सांगितलें नव्हतें, कारण सांगितलें तर वडिलांची कींव होईल असें त्यास वाटे. अशा मुलांस घरच्यांनीं खरी हकीकत त्यांच्या वयास समजेल अशा शब्दांत सांगितली पाहिजे. मुलास वाटतें, बाबा माझ्यामुळेंच रागावतात. त्यास स्पष्ट सांगावें कीं, "तुझा यांत कांहीं दोष नाहीं, बाबांची जखम दुखते म्हणून ते असे बोलतात." मुलानें मदत जरूर करावी, परंतु त्याचा अभ्यास, खेळ व झोप यांचा बळी देऊन नव्हे. शाळेसही ही गोष्ट विश्वासानें कळवावी.

५. शेजार आणि शाळा

स्वातंत्र्यदिनीं आपण घायाळ शिपायास व्यासपीठावर बसवितों, शाल-श्रीफळ देतों, टाळ्या वाजवितों. तें करावेंच. पण त्या व्यासपीठास चार पायऱ्या असतात व त्यास चौघांनीं उचलून वर न्यावें लागतें, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एक लांकडी उतार केला असता तर तो स्वतः वर गेला असता. २०१६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें सार्वजनिक इमारती सर्वांस सुलभ करण्याचें बंधन घातलें आहे, व सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. कायदा कागदावरून पायरीपर्यंत आणण्याचें काम मात्र गांवानें करावयाचें आहे.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांची गोष्ट येथें आठवते. मुंबईस जन्मलेले हे गुरखा पलटणीचे अधिकारी. १९७१ सालीं सुरुंगावर पाय पडून तो चेंदामेंदा झाला, तेव्हां जवळ वैद्य व औषध नसल्यानें त्यांनीं खुकरीनें स्वतःचा पाय तोडला. हा प्रसंग सर्वांस ठाऊक असतो. त्यापुढील भाग कमी लोकांस ठाऊक असतो. कृत्रिम पाय लावून आपण लढाऊ तुकडीचें नेतृत्व करण्यास समर्थ आहों, हें त्यांनीं वरिष्ठांस सिद्ध करून दाखविलें आणि पुढें पायदळाच्या पलटणीचें व ब्रिगेडचें आधिपत्य केलें. असें करणारे ते भारतीय सैन्यांतील पहिले अपंग अधिकारी होत. खुकरीच्या एका क्षणास धैर्य लागलें खरें. परंतु नंतरच्या वर्षांत लागलें तें धैर्य अधिक दीर्घ होतें, आणि त्यास कोणीतरी संधि द्यावी लागली. ती संधि देणें आपल्या हातीं आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गल्लींत असें घर असेल तर त्या घरच्या आईस "कांहीं लागलें तर सांगा" असें म्हणून निघून जाऊं नका. असें म्हटल्यावर कोणी सांगत नसतें. "रविवारीं सकाळीं दोन तास मी काकांजवळ बसतों, तुम्हीं बाजार करून या" असें वार व वेळ नेमून सांगा, आणि तो रविवार चुकवूं नका. काकांशीं बोलतांना त्यांच्या खुर्चीच्या उंचीवर बसून बोला. त्यांच्याकडून बुद्धिबळ शिका, गणित शिका, नकाशा वाचावयास शिका. ज्याच्याकडून आपण कांहीं शिकतों त्याची कींव येत नाहीं, आदर वाटतो. आणि त्या घरास आदराचीच गरज असते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. गुडघ्याखालीं ठेवलेल्या उशीच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो? असेंच दुसरें एक उदाहरण आपल्या घरांतील आजारपणांतून द्या.
२. गुटमान यांनीं रुग्णांस वांचविण्यासाठीं कोणता नियम घालून दिला? त्याचें कारण लिहा.
३. शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांति हा उपचाराचाच भाग कां म्हणावा?
४. आपली शाळा, दवाखाना व ग्रामपंचायत यांच्या दारांशीं किती पायऱ्या आहेत तें मोजून या, आणि चाकांच्या खुर्चींतील मनुष्य तेथें कसा जाईल याचा आराखडा काढा.